ब्रेल आणि सांकेतिक भाषा : घरातली माणसे शिकतात का?

उंबरठा (धागाकर्ता)

माझा थोरला भाऊ जन्मापासून अंध आहे. आम्ही एका घरात वाढलो, एका खोलीत झोपलो, भरपूर भांडलो, आणि तरीही त्याची लिपी मला येत नाही ही गोष्ट माझ्या लक्षात आली ती वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी. मागच्या महिन्यात तो शस्त्रक्रियेसाठी आठवडाभर रुग्णालयात होता आणि त्याला त्याच्या वहीतला एक खातेक्रमांक हवा होता. वही माझ्या हातात होती, त्याने सांगितलेले पानही सापडले होते, पण त्यापुढे मी निरक्षर होतो.

शेवटी त्यानेच फोनवर मार्ग काढला. ब्रेलच्या प्रत्येक घरात, म्हणजे एका अक्षराच्या चौकटीत, सहा जागा असतात, डावीकडे वरून खाली एक, दोन, तीन आणि उजवीकडे चार, पाच, सहा. कोणत्या जागी उंचवटा आहे तेवढे तू मला सांगत जा, असे तो म्हणाला. मी सांगितले, "तीन, चार, पाच, सहा." तो म्हणाला, "म्हणजे यापुढे आकडे आहेत." "एक, चार." "तीन." "एक, पाच." "पाच." अकरा आकडी क्रमांकाला पाव तास लागला. कागद पांढरा आणि ठिपकेही पांढरे, त्यामुळे दिवा तिरका धरून सावली पाडल्याशिवाय काही दिसतच नव्हते. त्यात पानाच्या दोन्ही बाजूंना लिहिलेले होते, म्हणून दोनदा मी उंचवट्यांऐवजी खड्डेच वाचले.

भाऊ नंतर यावर खूप हसला. मला मात्र हसू येण्याऐवजी लाज वाटली, कारण तो लहान असताना आईने थोडे ब्रेल शिकून घेतले होते आणि तो शाळेत रुळल्यावर ती ते विसरूनही गेली. आम्हा बाकीच्यांना तर शिकावे असे कधी सुचलेच नाही. नात्यातल्या एका घरात कर्णबधिर मुलगी आहे, आणि तिथेही आईखेरीज कोणी तिच्याशी दोन वाक्यांपलीकडे बोलताना मी पाहिलेले नाही.

म्हणून येथील जाणकारांना विचारतो. तुमच्या घरी, किंवा तुमच्या माहितीत, कोण शिकले आणि किती शिकले? जे शिकले नाहीत त्यांचे काय अडले, आणि ते कोणामुळे निभावले?

काजळरेघ

आपल्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आमच्या घरापुरते सोपे आहे : ते माझ्यामुळे निभावले, आणि तसे निभावायला नको होते असे मला आता वाटते.

माझी मुलगी दहा महिन्यांची असताना तिला ऐकू येत नसल्याचे निश्चित झाले. त्या वेळी आम्हाला मिळालेला पहिला सल्ला असा होता की तिच्याशी हातवारे अजिबात करू नका, हातवारे केले तर ती बोलण्याचा आळस करील. आम्ही तो सल्ला पाळला. श्रवणयंत्र होते, वाचोपचार होते, ओठांकडे पाहण्याचा सराव होता, आणि तीन वर्षांची झाली तरी तिच्याकडे जेमतेम पंधरा शब्द होते. तिला काय हवे आहे ते आम्हाला समजत नसे आणि मग ती स्वतःचे केस ओढत असे. त्यानंतर मी एका कर्णबधिर शिक्षिकेकडे सांकेतिक भाषा शिकू लागले. चार महिन्यांत मुलीने मला पहिला "का?" विचारला. तिला प्रश्न पडतात हे मला तेव्हा कळले.

ओष्ठवाचनाबद्दल लोकांच्या मनात फार मोठ्या कल्पना असतात. आरशासमोर उभे राहून आवाज न काढता "पान", "भान" आणि "मान" हे तीन शब्द उच्चारून पाहावेत. ओठांवर तिन्ही अगदी एकसारखे दिसतात, कारण प, ब, भ आणि म यांच्यातला फरक ओठांत नसून घशात आणि नाकात आहे. क, ख, ग तर तोंडाच्या इतके आत उच्चारले जातात की ते दिसतच नाहीत. ज्याला भाषा आधीपासून येते तो संदर्भावरून उरलेले भरून काढतो. ज्याला भाषाच ओठांवरून शिकायची आहे त्याने संदर्भ आणायचा कुठून?

आता घरच्यांविषयी. मी शिकले, म्हणून बाकीच्यांनी शिकायचे सोडून दिले. कोणी हे मुद्दाम केले असे मी म्हणणार नाही, पण माझ्या यजमानांना काही सांगायचे असले की ते माझ्याकडे वळतात आणि "तिला सांग" म्हणतात. सासूबाई, दीर, त्यांची मुले, सगळ्यांचे तसेच. संध्याकाळी सगळे एकत्र बसतात तेव्हा चौघे एकाच वेळी बोलत असतात, कोणीतरी मोठ्याने हसते, आणि मुलगी माझ्या बाहीला धरून विचारते की काय झाले. मी त्या गप्पांत असते, म्हणून "नंतर सांगते" म्हणते. नंतर सांगते तेव्हा दहा मिनिटांच्या गप्पांचे एक वाक्य झालेले असते आणि त्यातला विनोद कधीच मेलेला असतो. ऐकू येणारे मूल घरातले निम्मे शहाणपण असेच शिकते, दुसऱ्यांचे बोलणे कानावर पडून : पैशांची अडचण, आजारपण, कोणाचे कोणाशी पटत नाही, मोठी माणसे माफी कशी मागतात. माझ्या मुलीच्या वाट्याला तिला उद्देशून बोललेले तेवढेच येते, आणि तेही एकाच माणसाकडून.

म्हणून माझे मत असे आहे की घरात एकट्या आईने सांकेतिक भाषा शिकणे म्हणजे मुलाला भाषा मिळणे खरे, पण घर मिळणे नव्हे. घरातल्या दोन ऐकू येणाऱ्या माणसांनी मुलीसमोर आपापसांत बोलतानाही हात वापरले पाहिजेत, नाहीतर तिला काहीही "सहज" कळणार नाही.

सहावा ठिपका

मी स्वतः अंध आहे आणि हा प्रतिसाद स्क्रीन रीडरच्या, म्हणजे पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीच्या, साहाय्याने लिहीत आहे. काजळरेघ यांचे म्हणणे पूर्ण मान्य करून मी एक भेद मांडू इच्छितो, कारण धाग्याच्या शीर्षकात ब्रेल आणि सांकेतिक भाषा एका दमात आलेल्या आहेत.

सांकेतिक भाषा ही भाषा आहे आणि ब्रेल ही लिपी आहे. माझ्या घरच्यांना ब्रेल येत नसले तरी मी त्यांच्याशी पोटभर बोलू शकतो आणि शेजारच्या खोलीतली कुजबुजही मला, कदाचित त्यांच्या इच्छेपेक्षा जास्तच, ऐकू येते. त्यामुळे माझ्या पत्नीला ब्रेल येत नाही याचे मला रोज दुःख होत नाही. उलट माझी दैनंदिनी उघडी टाकून मी निर्धास्त बाहेर जातो, हे सुख किती डोळस नवऱ्यांना मिळते ते त्यांनाच विचारावे.

गाडे अडते ते दुसरीकडे. मी दुसरीत असताना गृहपाठ तपासणारे घरात कोणी नव्हते. बहिणीच्या वहीवर वडिलांची नजर असे, चूक दिसली की तिथल्या तिथे ओरडा बसे. माझी वही म्हणजे घरच्यांच्या दृष्टीने टोचलेला कागद होता. मी काय लिहितो, किती चुका करतो, लिहितो तरी की नुसताच टोचतो, हे शाळेतल्या शिक्षकांशिवाय कोणालाही कळत नव्हते. ओरडा बसला नाही याचा तेव्हा आनंद झाला. आता त्याची उणीव जाणवते.

"आता सगळे ऐकता येते, मग ब्रेल कशाला?" हा प्रश्न घरची मंडळीच आधी विचारतात, म्हणून त्याचेही उत्तर देतो. ऐकून भाषा कळते, लेखन कळत नाही. "दिन" आणि "दीन", "शिर" आणि "शीर", "सुत" आणि "सूत" या जोड्या यंत्राच्या आवाजात जवळपास एकच ऐकू येतात. यंत्राला अक्षरागणिक वाचायला लावता येते, पण प्रत्येक शब्दाला तसे करीत कोण बसणार? बोटांखाली मात्र इ आणि ई ही दोन वेगळी घरे असतात, त्यामुळे ऱ्हस्व-दीर्घ मला बोटांनी पाठ झाले. गणिताचे तर विचारूच नये. कंसात कंस असलेले समीकरण नुसते ऐकून सोडवणे म्हणजे शिक्षाच आहे.

डोळस माणसाला हे शिकणे किती अवघड आहे? त्याला बोटांनी वाचायचे नसते, डोळ्यांनी वाचायचे असते, आणि डोळ्यांसाठी ब्रेल ही फारच सोपी लिपी आहे. सहा ठिपक्यांच्या सगळ्या जुळण्या मिळून त्रेसष्ट. मराठीसाठी जी भारती ब्रेल वापरतात तिच्यात वेलांटी आधी, काना नंतर, मात्रा वर असली कसरत नाही. स्वराचे जे घर, तेच मात्रेचे घर, आणि ते व्यंजनानंतर उच्चाराच्या क्रमाने येते. "कि" म्हणजे सरळ क आणि त्यापुढे इ. "मऊ" लिहायचे असेल तर म आणि ऊ यांच्यामध्ये अ घालावा लागतो, नाहीतर तो "मू" होतो. जोडाक्षरात हलन्ताची खूण व्यंजनाच्या आधी येते, एवढे एक लक्षात ठेवावे लागते. रोज अर्धा तास दिला तर दोन-तीन आठवड्यांत माणूस अडखळत का होईना वाचू लागतो. माझ्या भाचीने कोणी न सांगता आठ दिवसांत आत्मसात केले, कारण तिला वर्गात मैत्रिणीला गुप्त चिठ्ठ्या लिहायच्या होत्या.

दशमान

सहावा ठिपका यांनी गृहपाठाचा मुद्दा काढला म्हणून आठवले. "घरच्यांना वाचता येत नाही" हा प्रश्न या लिपीच्या जन्मापासूनचा आहे आणि तो सर्वांत आधी सोडवू पाहणारा माणूस स्वतः लुई ब्रेलच होता.

१८०९ मध्ये जन्मलेल्या या मुलाचे वडील खोगिरे आणि चामड्याचे सामान बनवीत. तीन वर्षांचा असताना त्यांच्याच कार्यशाळेतल्या हत्याराने त्याच्या डोळ्याला इजा झाली आणि पुढे दोन्ही डोळे गेले. वडिलांनी लाकडी फळीवर गोल डोक्याचे खिळे ठोकून त्याला अक्षरांचे आकार बोटांनी शिकवले, असे त्याच्या चरित्रांत सांगतात. पॅरिसच्या अंधशाळेतही डोळस लोकांचीच अक्षरे जाड कागदावर उठवून शिकवली जात. ती वाचायला अत्यंत संथ आणि लिहायला जवळजवळ अशक्य होती, परंतु डोळस शिक्षकांना ती सहज वाचता येत, हा त्यांचा मोठा गुण मानला जाई. शार्ल बार्बिए यांच्या बारा ठिपक्यांच्या पद्धतीवरून ब्रेलने १८२४ च्या सुमारास, पंधराव्या वर्षी, सहा ठिपक्यांची लिपी तयार केली आणि १८२९ मध्ये ती प्रसिद्ध केली. त्याच्या स्वतःच्या शाळेने तिला अधिकृत मान्यता दिली १८५४ मध्ये, म्हणजे त्याच्या मृत्यूनंतर दोन वर्षांनी. डोळसांना न वाचता येणारी लिपी अंधांना इतरांपासून तोडील, हा विरोधकांचा एक मुख्य आक्षेप होता.

आता मजेची गोष्ट अशी की ब्रेलने १८३९ मध्ये आणखी एक पद्धत प्रसिद्ध केली, तिचे नाव डेकापॉइंट. हिच्यात ठिपक्यांची जाळी वापरून नेहमीच्या छापील अक्षरांचेच आकार काढायचे, जेणेकरून अंध मुलाने लिहिलेले पत्र त्याच्या घरच्यांना कोणाच्याही मदतीशिवाय वाचता यावे. पियेर फूको या त्याच्या अंध मित्राने त्यासाठी १८४१ मध्ये एक यंत्रही बनवले. याचा अर्थ असा की सहा ठिपके घरातले लोक शिकणार नाहीत हे त्याने गृहीत धरले आणि शिकण्याचे दुसरे ओझेही अंध माणसानेच उचलले. माझ्या मते आजही बहुतेक घरांत हाच करार चालू आहे, फक्त त्या यंत्राच्या जागी आता फोन आला आहे.

रोखठोक

सर्वांचे प्रतिसाद मनापासून वाचले, पण चर्चा एकाच बाजूला झुकते आहे, म्हणून थोडे कडू बोलतो.

माझ्या वडिलांची दृष्टी मधुमेहामुळे साठीनंतर गेली. त्याच मधुमेहाने बोटांची संवेदनाही बोथट केली, त्यामुळे त्यांना ब्रेल वाचता येणे शक्य नव्हते आणि आम्ही शिकून काही उपयोग नव्हता. त्यांना उपयोगी पडल्या त्या साध्या गोष्टी : वस्तू ठरलेल्या जागी ठेवणे, खोलीत येताना आणि जातानाही सांगणे, औषधाच्या बाटल्यांना वेगवेगळे रबर लावणे. सासूबाईंना सत्तरीत ऐकू येईनासे झाले. त्यांना कोणी सांकेतिक भाषा शिकवायला गेले असते तर त्यांनी त्याला घराबाहेर काढले असते. समोर बसून सावकाश बोलावे आणि अडले तर लिहून दाखवावे, एवढेच त्यांना हवे होते. डोळे किंवा कान गमावणाऱ्यांमध्ये उतारवयातली माणसे फार मोठ्या संख्येने असतात, आणि त्यांच्या घरच्यांना "तुम्ही शिकला नाहीत" म्हणून बोल लावणे अन्यायाचे होईल.

लहान मुलांच्या बाबतीतही मला दोन शंका आहेत. कॉक्लियर इम्प्लांट, म्हणजे शस्त्रक्रियेने कानात बसवायचे श्रवणयंत्र, बसवल्यावर मूल ऐकू लागत असेल तर सांकेतिक भाषेत वेळ का घालवायचा? आणि मुळात सांकेतिक भाषा एक नाहीच, देशोदेशी वेगळी आहे; घरच्या खुणांनी काम भागत असेल तर दिवसभर राबून आलेल्या आईबापांनी व्याकरण कशाला शिकावे?

शब्दवेल

रोखठोक यांच्या पहिल्या मुद्द्याशी मी सहमत आहे. भाषा पक्की झाल्यानंतर ज्याला ऐकू येईनासे होते त्याची भाषा शाबूत असते, फक्त एक वाट बंद होते. दोन शंकांविषयी मात्र सविस्तर लिहिणे भाग आहे.

इम्प्लांटमुळे अनेक मुलांना खरोखर फायदा होतो आणि ते नाकारण्याचे कारण नाही. परंतु शस्त्रक्रियेआधी काही महिने जातात, यंत्र सुरू केल्यावर मेंदूला त्या आवाजाची सवय व्हायला महिने-वर्षे लागतात, आणि परिणाम प्रत्येक मुलात सारखा येत नाही. कोणत्या मुलाला किती लाभ होईल हे आधी खात्रीने सांगता येत नाही. पहिली भाषा घट्ट रुजण्याचा काळ मात्र पहिल्या पाचेक वर्षांचा असतो आणि तो आपल्यासाठी थांबत नाही. त्या काळात डोळ्यांनी घेता येणारी भाषा मिळाली तर पुढे ऐकण्या-बोलण्याला तिचा आधारच होतो. खुणांमुळे मूल बोलण्याचा आळस करते, या समजुतीला आधार सापडलेला नाही. रात्री यंत्र काढून ठेवले, पोहायला गेले, किंवा बॅटरी संपली की मूल पुन्हा कर्णबधिरच असते, हेही लक्षात घ्यावे.

त्या समजुतीला मोठा इतिहास आहे. १८८० मध्ये मिलान येथे कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली, तिच्यात जवळजवळ सर्व प्रतिनिधी ऐकू येणारे होते, आणि शाळांमधून खुणा हद्दपार करून केवळ तोंडी भाषेत शिकवावे असा ठराव झाला. त्याचे परिणाम शंभर वर्षे टिकले. २०१० मध्ये व्हँकुव्हरच्या परिषदेत तो ठराव फेटाळून खेद व्यक्त करण्यात आला. तोंडी शिक्षणाचे सर्वांत वजनदार पुरस्कर्ते अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल होते, आणि त्यांच्या आईला नीट ऐकू येत नसे. तिच्याशेजारी बसून घरातले संभाषण बोटांच्या अक्षरांनी तिला पोहोचवणारा मुलगा तोच! घरात ज्याची गरज स्वतः अनुभवली तेच इतरांच्या घरी नको असे वाटू शकते, याचे याहून ठळक उदाहरण मला माहीत नाही.

घरगुती खुणांबद्दल. त्यांना मी कमी लेखत नाही. मानसशास्त्रज्ञ सुसान गोल्डिन-मेडो यांनी केवळ घरगुती खुणांवर वाढणाऱ्या कर्णबधिर मुलांचा अभ्यास केला, तेव्हा असे दिसले की मुलाच्या खुणांमध्ये क्रम आणि रचना असते, आणि ती रचना आईच्या हातवाऱ्यांतून आलेली नसते. मूल आपल्या परीने भाषा घडवू पाहते, मोठी माणसे नुसते हात हलवतात. पण एका मुलाच्या बळावर पूर्ण भाषा उभी राहत नाही, त्यासाठी समाज लागतो. निकाराग्वामध्ये १९७० च्या दशकाच्या अखेरीस कर्णबधिर मुले शाळेत प्रथमच मोठ्या संख्येने एकत्र आली. शिक्षक त्यांना स्पॅनिश ओष्ठवाचन शिकवण्याच्या खटपटीत असताना मुलांनी आपापल्या घरच्या खुणा एकत्र करून नवी भाषा घडवली, आणि पाठीमागून आलेल्या लहान मुलांनी तिचे व्याकरण समृद्ध केले. त्यांच्या आईवडिलांपैकी कोणालाही ती येत नव्हती.

कोणती भाषा शिकावी, याचे उत्तर मात्र सोपे आहे : आपल्या भागातला कर्णबधिर समाज जी वापरतो ती. ती हातांनी बोललेली मराठी किंवा इंग्रजी नसते. तिला स्वतःचा शब्दक्रम असतो, आणि अनेक सांकेतिक भाषांत भुवया उंचावल्या की साध्या विधानाचा प्रश्न होतो. भाषाशास्त्रज्ञ विल्यम स्टोकी यांनी १९६० मध्ये अमेरिकन सांकेतिक भाषेची रचना मांडून दाखवली तेव्हापासून भाषाशास्त्रात या भाषांकडे पूर्ण भाषा म्हणून पाहिले जाऊ लागले. बोलीभाषा एकच असूनही अमेरिकन आणि ब्रिटिश सांकेतिक भाषा परस्परांना कळत नाहीत. अमेरिकन भाषेचे नाते फ्रेंच सांकेतिक भाषेशी अधिक जवळचे आहे.

दोन्हीकडची

माझे आईवडील दोघेही कर्णबधिर आहेत आणि मला ऐकू येते. बहुतेक कर्णबधिर मुले, नव्वद टक्क्यांहून अधिक, ऐकू येणाऱ्या आईवडिलांच्या पोटी जन्मतात, त्यामुळे चर्चा नेहमी त्या बाजूने होते. आमच्यासारख्या घरांत काय होते तेही नोंदवावेसे वाटले.

मी बोलायला शिकण्याआधी हातांनी बोलू लागले. सहाव्या वर्षी दारावर आलेल्या माणसांशी मी बोलत असे, आणि नवव्या वर्षी डॉक्टरांनी आईच्या आजाराबद्दल जे सांगितले ते मीच आईला सांगितले. त्या आजाराच्या नावाची खूण मला येत नव्हती, म्हणून मी अक्षरे बोटांनी दाखवली, आणि मग तिचा चेहरा पाहून मला त्या शब्दाचा अर्थ कळला. घरात इतर कोणाला भाषा येत नसली की हे काम लहान मुलावर पडते. "केवढी हुशार आहे" असे सगळे म्हणत. त्याऐवजी कोणी शिकले असते तर बरे झाले असते.

माझी आजी, म्हणजे वडिलांची आई, त्यांच्याबरोबर एका छपराखाली बत्तीस वर्षे राहिली. तिच्यापाशी वीस-बावीस खुणा होत्या आणि एकदा, मोठी झाल्यावर, मी त्यांची मनातल्या मनात यादी केली : ये, जा, जेव, झोप, थांब, पैसे दे, दिवा घालव, रागावू नकोस. सगळ्या आज्ञा होत्या. "तुला काय वाटते?" यासाठी तिच्याकडे एकही खूण नव्हती. आजी प्रेमळ होती, वडिलांवर तिचा विशेष जीव होता, हे मी मनापासून सांगते. पण त्यांनी कधी मत मांडले नाही असे ती इतरांना सांगत असे, तेव्हा मला ते ऐकवत नसे. आमच्याकडे कर्णबधिर मित्रमंडळी जमली की माझे वडील वादात कोणालाही हार जात नाहीत.

ती शेवटच्या आजारपणात होती तेव्हा तिला त्यांच्याशी काहीतरी बोलायचे होते. मी मध्ये बसले. तिने जे सांगितले ते पन्नास वर्षांपूर्वीचे होते, त्यांना लहानपणी दूरच्या शाळेत ठेवल्याबद्दलचे, आणि ते मी ऐकावे असे तिला मुळीच वाटत नव्हते हे तिच्या नजरेवरून कळत होते. वडिलांनाही माझ्यासमोर उत्तर द्यायचे नव्हते. दोघेही थोडेच बोलले.

पैलतीर

एक वेगळे उदाहरण फक्त नोंदवतो. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळच्या मार्थाज व्हिनयार्ड या बेटावर आनुवंशिक बहिरेपणाचे प्रमाण एके काळी फार मोठे होते. एकोणिसाव्या शतकात चिलमार्क या गावात सुमारे पंचवीस माणसांमागे एक जण कर्णबधिर होता. त्यामुळे ऐकू येणारे लोकही लहानपणापासून खुणांची भाषा शिकत आणि कोणी कर्णबधिर जवळ नसतानाही ती वापरीत. त्या परंपरेतील शेवटची कर्णबधिर व्यक्ती १९५२ मध्ये वारली. बालीमधील बेंगकाला गावातही गावकऱ्यांची अशीच सामायिक भाषा आहे. म्हणजे ऐकू येणाऱ्यांना ही भाषा जमत नाही असे नाही. शेजारी, दुकानदार आणि मामा-काका बोलत असले की ती आपोआप येते. वर्गात जाऊन शिकावी लागली की ती फक्त आईला येते.

काजळरेघ

दोन्हीकडची, आपला प्रतिसाद मी आमच्या यजमानांना वाचून दाखवला. आज्ञांच्या यादीपाशी त्यांनी मला थांबवले आणि स्वतःच्या खुणा मोजल्या. अकरा भरल्या. रविवारच्या वर्गात त्यांचे नाव घातले आहे. टिकतील की नाही ते तीन महिन्यांनी येथेच कळवीन. त्यांना शिकवण्याचे काम मुलीने आपल्याकडे घेतले आहे आणि ती अतिशय कडक शिक्षिका आहे.

उंबरठा (धागाकर्ता)

सर्वांचे आभार. सहावा ठिपका यांनी सांगितलेल्या मार्गाने मी डोळ्यांनी वाचायला लागलो आणि खरोखरच तिसऱ्या आठवड्यात भावाच्या वहीतली एक ओळ कोणाच्या मदतीशिवाय लागली. ती किराणा मालाची यादी होती, पण मला झालेला आनंद यादीच्या मानाने फारच मोठा होता. भावाला विचारून मगच वही उघडली, हे सहावा ठिपका यांच्या समाधानासाठी नमूद करतो.

मग लिहायचे धाडस केले. भावाकडे जुनी ब्रेल पाटी होती. पाटीवर कागद अडकवून मागच्या बाजूने टोचायचे असते, म्हणून उजवीकडून डावीकडे जायचे आणि प्रत्येक अक्षर आरशात दिसावे तसे उलटे काढायचे. उजवीकडून सुरुवात करायची हे मी लक्षात ठेवले आणि अक्षर उलटे काढायचे विसरलो. "बाबा बाहेर गेले" अशी चिठ्ठी टोचून मी त्याच्या टेबलावर ठेवली आणि कामाला निघून गेलो.

ज्यांना लिपी येते त्यांच्या लक्षात आले असेलच. ए उलटा झाला की इ होतो, ल उलटा झाला की ळ होतो, आणि ग मात्र दोन्हीकडून ग-च राहतो. दुपारी भावाचा फोन आला. पहिले दोन शब्द त्याला काही केल्या लागले नव्हते, तिसरा "गिळि" असा लागला होता, आणि तो अत्यंत गंभीर आवाजात विचारत होता की नेमके कोणी काय गिळले आहे आणि डॉक्टरांना बोलवायचे का.